आधी स्पीकर, मग लाइन, शेवटी ॲम्प्लिफायर

यवतमाळच्या बाजारात दमदार ॲम्प्लिफायर मागितला की समोर बहुधा मंडपाचा माल येतो. त्यात दुकानदाराची चूक नाही. इथला दुर्गोत्सव मोठा, त्यामुळे गिऱ्हाईकही मंडळांचं आणि डेकोरेशनवाल्यांचं. पण अडीचशे वॅटचा तो डबा भोंगे वाजवायला केलेला असतो: मागे १०० व्होल्ट लाइनची टोकं, आत घरघरणारा पंखा, आणि सगळा भर बोलणं लांबवर पोचवण्यावर. घरात तंबोरा ऐकायचा असेल, तर तो स्वस्तात मिळाला तरी नको. घराला दोन चॅनेलचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर लागतो.

पहिलं काम स्पीकर ठरवण्याचं. त्याच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटीचा आकडा शोधा. ८७ डेसिबल लिहिलं असेल, तर १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तेवढा आवाज मिळतो. पुढे दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये जे काम करतो, त्यासाठी ८७चा स्पीकर ४० मागतो आणि ८४चा ८०. ॲम्प्लिफायरवर जास्तीचे पैसे घालण्याआधी हे ध्यानात घ्या. स्पीकर ४ ओहमचा असेल तर जरा सावध. सेन्सिटिव्हिटी बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवर मोजतात आणि तेवढ्यात हा स्पीकर १ नाही, २ वॅट खातो. छापील आकड्यातून ३ वजा करा, आणि ॲम्प्लिफायर ४ ओहमला चालतो का, तेही तपासा.

आता वॅटचा हिशेब. बारा बाय चौदाची खोली, बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटर, स्पीकर ८ ओहम आणि ८७ डेसिबलचे. अंतरामुळे साधारण ६ डेसिबल जातात (मोकळ्या मैदानात जास्त गेले असते, खोलीत भिंती थोडे परत देतात) आणि दुसऱ्या स्पीकरमुळे ३ परत मिळतात. म्हणजे १ वॅटला कानाशी ८४. घरात सरासरी ८५ म्हणजे चांगलंच मोठ्यानं झालं. पण डग्ग्याची थाप किंवा ढोलकीचा ठोका क्षणभर त्याच्या १५ डेसिबल वर उडी मारतो. तेव्हा १०० गाठायचे. कमी पडले १६, म्हणजे ४० पट: दर चॅनेलला ४० वॅट. हे वॅट आरएमएसचेच हवेत, तेही ८ ओहमला आणि दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना. खोक्यावर ‘पीएमपीओ ३००० वॅट’ असं छापलेलं असेल, तर तो आकडा वाचूच नका. आणि उगाच कमी वॅटचाही घेऊ नका. छोटा ॲम्प्लिफायर ताणून वाजवला की लहरींची टोकं कापली जातात आणि पहिल्यांदा जळतो तो ट्विटर.

मे महिन्यात या हिशेबात कूलर शिरतो. त्याच्या घरघरीवर मात करायला आवाज फक्त ६ डेसिबल वाढवला, तरी वॅट चौपट, म्हणजे १६० लागतात. त्यापेक्षा गाणं ऐकताना कूलर कमी वेगावर ठेवलेला बरा.

यानंतर लाइन बघा. मल्टिमीटर घेऊन आठवडाभर संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, आणि एखाद्या कडक दुपारीही, ज्या प्लगवर ॲम्प्लिफायर लावायचा तिथला दाब मोजा. वजनदार ट्रान्सफॉर्मरच्या एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरची जास्तीत जास्त ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८४ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब वीस टक्के उतरला, की ताकद ६४ टक्क्यांवर येते. वरचे ४० वॅट अशा संध्याकाळी हवे असतील, तर मुळात ६०–६५ वॅटचा घ्यावा, नाहीतर १ केव्हीएचा चांगला स्टॅबिलायझर लावावा. दोन्हींची गरज नाही. मीटर सतत २१५ ते २४० दाखवत असेल, तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा. डी वर्गाचे बरेच ॲम्प्लिफायर एसएमपीएसवर चालतात. त्यांना पडता दाब पुष्कळ सोसतो आणि ते तापतातही कमी. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर ट्रान्सफॉर्मरवाला सेट त्यावर लावू नका.

अर्थिंगकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तिचा अर्थपट्टीशी संपर्क सुटतो आणि रोध वाढतो. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून दोन पिनांत कोंबणं धोक्याचं आहे.

जागा आधीच मोजून ठेवा. पारा ४५ कडे जातो तेव्हा काचेच्या शोकेसमध्ये कोंडलेला एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर भाजून निघतो. वर निदान वीतभर मोकळी हवा हवी, आणि कूलरचा ओला झोत त्याच्यावर नको. मृगाच्या आधी वीज कडाडू लागली की स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

एवढं ठरलं की ऐकायला जा. हायफायची निवड करायची तर दीडशे किलोमीटरच्या आसपासचं नागपूर गाठावं लागतं. आपल्या ऐकण्यातल्या दोन-तीन चीजा सोबत न्या. गाणं थांबवून आवाज वाढवा आणि कान ट्विटरजवळ न्या: फुसफुस किंवा गुणगुण आली तर पुढचा सेट मागा. मग हळू आवाजात तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात का, आणि मोठ्या आवाजात डग्गा फुटतो का, ते बघा. दुकानात तुमच्याच मॉडेलचे स्पीकर नसतील, तर स्वतःचे घेऊन जा.

पैसे देण्याआधी दुरुस्ती कुठे होते, ते विचारा. नागपुरात होत असेल तर घ्या. सेट मुंबईला किंवा दिल्लीला पाठवावा लागणार असेल, तर कितीही गोड वाजला तरी सोडून द्या.