बदामाच्या आकाराचं पान

फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेच्या आधी दुकानांत एक गमतीचं रोप दिसतं. छोट्या कुंडीत खोचलेलं एकच जाड, हिरवं पान, अगदी बदामाच्या आकाराचं! याचं नाव होया केरी. मूळचं आग्नेय आशियातलं.

प्रिय व्यक्तीला द्यायला छान वाटतं ना? पण घेताना नीट बघा. नुसतं पान बरीच वर्षं हिरवं राहू शकतं, पण वाढत नाही. पानासोबत खोडाचा डोळा असेल, तरच कोंब फुटतो आणि वेल होते. म्हणून थोडे पैसे जास्त पडले तरी छोटी वेलच घ्या.

शब्दार्थ
बदाम : पत्त्यांतल्या लाल बदामासारखा आकार
डोळा : (इथे) खोडावर कोंब फुटतो ती जागा

सांगा पाहू : तुम्ही पान द्याल की वेल? का?