उलटा डोंगर

“वहिनी, दोन बाटल्या कशाला? टेकडी आहे ती, हरिश्चंद्रगड नाही,” असं म्हणून दादांनी माझी दुसरी, लिटरभराची स्टीलची बाटली डिकीत टाकली आणि डिकी लावली. जुलैचा रविवार, साडेदहा वाजलेले. तापमान ३१, ह्युमिडेक्स (दमटपणा धरून जाणवणारा उकाडा) ४०. निघायला उशीर कोणामुळे झाला हे आमच्या ग्रुपला ठाऊक आहे, इथे उगाळत नाही.

हरिश्चंद्रगड मीही केलाय, पाचनईकडून का होईना. म्हणूनच फसले. आपल्याकडे ताज्या पायांनी गड चढायचा आणि दमल्यावर उतरायचा. इथे कॅनडात, मिल्टनच्या रॅटलस्नेक पॉइंटला गाडी थेट कड्याच्या माथ्यावर लागते. बफेलो क्रॅगवरून खालची हिरवळ बघायची, नसागवेया कॅन्यनमध्ये उतरायचं आणि पलीकडे क्रॉफर्ड लेककडे चढायचं. परत येताना पुन्हा तेच. म्हणजे जीव काढणारा चढ सगळ्यात शेवटी, भर दुपारी. जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या वर जातं.

लेकवर पोचलो तेव्हा बाटलीत चार घोट होते. व्हिजिटर सेंटर समोरच, पण दादा तळ्याच्या गाळातले वर्षावर्षाचे थर समजावत होते. खोटं नाही ते. अँथ्रोपोसीन युगाची खूण म्हणून २०२३ मध्ये हेच तळं निवडलं होतं, २०२४ मध्ये प्रस्ताव फेटाळला गेला. मला तेव्हा फक्त नळ हवा होता. “उशीर होतोय, चला.” आणि मी गुमान निघाले. याबद्दल मात्र माझाच राग येतो.

परतीला कॅन्यनच्या तळाशी हातांकडे लक्ष गेलं. एवढ्या उकाड्यात अंगावर काटा. मग मळमळ, पायांत गोळे. “दादा, थांबा!” वरून आवाज आला, “या हळूहळू, मी गाडीत एसी लावून ठेवतो!” किल्ली त्यांच्याकडे, माझं पाणी गाडीत. एका अनोळखी आजींनी खारी बिस्किटं आणि अर्धी बाटली दिली. सीडरखाली चाळीस मिनिटं बसले, तेव्हा कुठे उठता आलं.

तर जाणाऱ्यांनो, माणशी दोन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर. आठला चालायला लागा. उलट्या डोंगरावर पाणी अर्धं होईपर्यंत थांबायचं नाही, एक तृतीयांश संपलं की मागे फिरायचं. लेकवर बाटल्या भरल्याशिवाय हलू नका, कोणी कितीही घाई करो. सगळ्यात हळू चालणारा पुढे, गाडीची किल्ली सगळ्यात मागच्याकडे. कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर सरळ ९११. तीन-तीन पानांच्या खाजऱ्या झुडपाला हात लावू नका, घरी आल्यावर गुडघ्यांमागे गोचीड बघा. टोपी, बूट वगैरे आहेच. प्रवेशाचं बुकिंग आधी करा.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला: ‘सोप्पा ट्रेक, मस्त मंडळी!’ त्यात मी नाही. बाटली अजून त्यांच्याच डिकीत आहे.