डिकीतली पेटी

घरची गाडी मिळाली की आपण चौघं-पाचजण सातारा-सांगली निघतो. गाणी कुठली लावायची यावर अर्धा तास चर्चा होते. पण डिकीत काय आहे, ते कुणी बघत नाही. खरं तर बुटांच्या खोक्याएवढी पेटी पुरते. तिच्यात काय हवं आणि का हवं, ते आपल्याच पहिल्या वर्षाच्या गणितातून पाहू.

१) त्रिकोण आणि चमकणारं जाकीट : उसाचं गाळप सुरू झालं की कऱ्हाड-पेठ नाका भागात रात्री ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागे दिवाच नसतो. अशा वेळी आपण बंद पडलो तर? ताशी 80 किमी म्हणजे सेकंदाला 22 मीटर. त्रिकोण 50 मीटर मागे ठेवला तर मागच्याला सव्वादोन सेकंद मिळतात. त्यातला सेकंद-दीड सेकंद ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतो! म्हणून हायवेवर मी शंभर पावलं मोजते. बाकीच्यांनी गाडीत न बसता रस्त्यापासून लांब उभं राहावं.

२) पाना आणि पाइपचा तुकडा : चाकाचा नट सुटायला साधारण 100 न्यूटन-मीटर लागतात. पाना 25 सेंमीचा असेल तर जवळपास 40 किलोचा जोर; पाइप घालून 50 सेंमी केला की 20 किलोच. नट आधी सैल करा, जॅक नंतर लावा. स्टेपनीत हवा आहे ना, तेही बघा. 2020 च्या नियमबदलानंतर काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर किट असतं.

३) जंपर केबल : स्टार्टर 150 अँपिअरपर्यंत करंट ओढतो. केबलचा रोध 0.02 ओहम असला तरी 3 व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून जाड तांब्याचीच घ्या. काळा शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीला नको; तिथे हायड्रोजन असतो, ठिणगी पडली तर भडका उडेल.

४) पाणी, चिक्की, टॉर्च, पॉवर बँक, रेनकोट, प्रथमोपचार : ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचा महापूर आला, तेव्हा कोल्हापूरजवळ हायवे काही दिवस बंद होता. गाड्या होत्या तिथेच थांबल्या. मोबाईल बंद पडला तरी हाताशी असावेत म्हणून 112, 108 आणि हायवेसाठी 1033 हे नंबर कागदावर लिहून ठेवा.

एका गोष्टीवर मात्र पेटीत उपाय नाही : पुलावरून वाहणारं पाणी. गाडीचा तळ 6 चौरस मीटर धरा. तळाच्या वर 15 सेंमी पाणी चढलं की 900 किलो वजन पाणीच उचलतं. छोटी गाडी तेवढीच असते! तिथून मागे फिरायचं, बस्स.

येत्या रविवारी होस्टेलच्या पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी, एकदा चाक बदलून बघा. पावसात, अंधारात पहिल्यांदाच शिकायची वेळ येऊ नये, एवढंच.