सत्कार्यासाठी धावा, पण बेताने!

थंडीची चाहूल लागली, की पुण्यात पहाटे रस्त्यांवर, टेकड्यांवर आणि मैदानांवर धावणाऱ्यांची गर्दी वाढते. पुणेकरांना हे नवीन नाही. १९८३ साली येथे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि ‘मॅरेथॉन’ हा शब्द घरोघरी पोहोचला. पुढे २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक चांगली प्रथा आपल्याकडे रुजली. धावणारा आपल्या नातेवाइकांना, मित्रांना, कचेरीतील सहकाऱ्यांना सांगतो, ‘मी अमुक संस्थेसाठी धावणार आहे, तुम्ही तिला देणगी द्या.’ अशा रीतीने अनेक सेवाभावी संस्थांसाठी कोट्यवधी रुपये उभे राहिले आहेत.

किल्लारीच्या भूकंपानंतर (१९९३) किंवा कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतर (२०१९) आपण गावोगावी मदतफेऱ्या पाहिल्या. डबा घेऊन फिरण्याऐवजी घाम गाळून मदत मागणे, हा त्याच मदतफेरीचा नवा प्रकार म्हणता येईल. त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र डॉक्टर या नात्याने मला एक धोका दिसतो. दवाखान्यात पन्नाशीचे गृहस्थ येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, दीड महिन्यावर शर्यत आहे. लोकांनी पैसे दिलेत, आता माघार नाही.’ हे शेवटचे वाक्य ऐकले, की मी सावध होतो. स्वतःच्या हौसेसाठी धावणारा दमला की थांबतो. लोकांचा शब्द पाठीवर घेऊन धावणारा मात्र छातीत दुखले तरी रेटत राहतो.

शरीरात काय घडते?

पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे २,५०० कॅलरी लागतील. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, बहुतेकांना तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. पुढे पाय शिशासारखे जड होतात. सराव असलेले शरीर चरबीतूनही शक्ती काढायला शिकते. सराव नसलेले शरीर तेथेच कोलमडते.

हा सराव कसा करायचा, हे आपल्या वारीकडून शिकावे. आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरी सगळे अंतर एका दमात कापत नाही. रोजचा टप्पा ठरलेला, वाटेत विसावा ठरलेला. दिवे घाटासारखी अवघड चढण पुण्यातल्या मुक्कामानंतरच येते.

तयारी कशी करावी?

• चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी पाहावा. ट्रेडमिलवरची चाचणी हवी की नको, ते डॉक्टर ठरवतील. ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयविकार होणारच नाही, असे मात्र समजू नये.

• पूर्वी कधी न धावलेल्याने पहिल्या वर्षी पाच किंवा दहा किलोमीटरवर समाधान मानावे. त्यासाठीही तीन-चार महिने द्यावेत. आधी भरभर चालणे, मग चालणे आणि धावणे आलटून पालटून. धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, हे वेगाचे सोपे माप.

• अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नयेत.

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस डॉक्टरांना विचारून ठरवावा आणि खिशात साखर ठेवावी.

• ताप, अंगदुखी किंवा जुलाब असतील तर धावू नये. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते.

• गुडघे दुखतील म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन धावणे वाईट. अंगातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात.

पाणी किती प्यावे?

कमी पाणी प्याल्याचा त्रास सर्वांना ठाऊक असतो. अति पाण्याचा त्रास फारसा कोणाला माहीत नसतो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्यांत, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांत, हे प्रमाण अधिक होते. सोडियम फार उतरले तर उलट्या, गोंधळलेपणा, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून तहान लागेल तसे प्यावे. सरावाआधी आणि नंतर वजन करावे. ते वाढता कामा नये. लांब पल्ल्याला जलसंजीवनी वापरावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचे प्रमाण.

केव्हा थांबावे?

छातीत दुखणे किंवा दडपण, दुखणे जबड्यात वा डाव्या हातात जाणे, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप, धडधड, असंबद्ध बोलणे, उन्हात घाम अचानक थांबणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच क्षणी थांबावे. शेजारचा धावपटू कोसळला, हाक मारून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यायला लागावे. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नये.

माघार म्हणजे हार नव्हे

कॅनडाच्या टेरी फॉक्सची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर कॅनडा पार करायला निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी दर देशबांधवामागे एक डॉलर जमवायचा, हे त्याचे ध्येय. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबरला खोकला आणि छातीतील वेदना असह्य झाल्या, तेव्हा तो थांबला आणि रुग्णालयात गेला. कर्करोग फुप्फुसात पोहोचला होता. देशाचे दुसरे टोक तेव्हा दूर होते. लोकांनी मात्र देणगी देणे थांबवले नाही. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. कॅनडाची लोकसंख्याही तेवढीच होती. जून १९८१ मध्ये, २२ व्या वर्षी तो गेला.

यावरून एक गोष्ट घ्यावी. लोक पैसे देतात ते कार्यासाठी. धावणाऱ्याने शेवटची रेषा ओलांडली की नाही, याचा हिशोब देणगीदार ठेवत नाही. म्हणून देणगी मागतानाच सांगून टाकावे, ‘मी प्रयत्न करणार आहे. प्रकृतीने साथ दिली नाही तर थांबेन, तुमची रक्कम मात्र संस्थेलाच जाईल.’ संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, ते पाहावे. पैसे थेट तिच्या खात्यात भरावेत आणि पावती घ्यावी. मग मनावर ओझे राहत नाही आणि पाय वेळेवर थांबतात.

घरच्यांनीही एक काम करावे. ‘अहो, लोकांचे पैसे घेतलेत, आता पूर्ण करा’ असे म्हणण्याऐवजी ‘बरे वाटले नाही तर थांबा, आम्ही वाट पाहतोय’ असे निघताना सांगावे. पूरग्रस्ताच्या घरात चूल पेटावी म्हणून आपण धावतो. त्यासाठी आपल्या घरची चूल विझण्याची वेळ येऊ नये.