फिल्म अकॅडमीची फी भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की फोनवर तेच ते प्रश्न येतात. नीटला मार्क कमी पडले, रिपीट करू द्यायचं का? कॉम्प्युटरला कॅप राउंडमध्ये नंबर लागला नाही, मॅनेजमेंट कोट्यातून घ्यायचं का? आणि अलीकडे वाढलेला तिसरा: पोरगा डायरेक्टर व्हायचं म्हणतोय, पुण्यात एका अकॅडमीत वर्षभराचा डिप्लोमा आहे, फी लाखांत आहे, काय करू?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देतो. रिपीट एकदाच, आणि तेही मूल स्वतः म्हणत असेल तर. मॅनेजमेंट कोट्यासाठी जमीन विकू नका. सिव्हिल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलला सरकारी कॉलेज मिळत असेल तर बिनधास्त घ्या. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर पदवी करता करता द्या आणि किती प्रयत्न करायचे ते आधीच घरात ठरवा. फार्मसी, नर्सिंग, अॅग्री यांची माहिती सगळीकडे मिळते. उरलेला लेख मला तिसऱ्या प्रश्नासाठी हवा आहे.

ती फी भरू नका. अशा डिप्लोमात कॅमेरा चालवायला आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरायला शिकवतात. या दोन्ही गोष्टी आज त्याहून फार कमी खर्चात शिकता येतात. कशाबद्दल सांगायचं आणि ते का सांगायचं, हे मात्र वर्षभराच्या वर्गात शिकवता येत नाही. अठराव्या वर्षी मुलगा पाहिलेल्या सिनेमांची नक्कल करतो: गल्लीतला राडा, स्लो मोशन, मागे दणदणीत संगीत. डिप्लोमा संपला की तो मुंबईत सहाय्यकांच्या रांगेत उभा राहतो, आणि त्या रांगेत प्रमाणपत्र कोणी बघत नाही.

पण पालकांनो, एवढं वाचून ‘बघ, मी म्हणतच होतो’ असं मुलाला ऐकवू नका. माझं बोलणं अजून अर्धंच झालंय.

डायरेक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलांना मी मोबाइलमध्ये काय काय शूट केलंय ते दाखवायला सांगतो. बहुतेकांकडे रील्स असतात. पण काही मुलामुलींकडे वेगळं काही निघतं. आजी जात्यावर बसून ओवी आठवण्याचा प्रयत्न करतेय. गावात आलेल्या तमाशाच्या फडात दुपारी बायका स्वयंपाक करताहेत. उसतोडीला निघालेल्या घराला कुलूप लागतंय. या मुलांना डायरेक्टर होण्यापेक्षा माणसं बघण्याची आणि ऐकण्याची ओढ आहे. या कामाला माहितीपट म्हणतात आणि त्यात आयुष्य घालवता येतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पालकांच्या डोक्यात माहितीपट म्हणजे थिएटरात मुख्य सिनेमाआधी लागणारी, 1948 साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची सरकारी रिळं. ती समजूत आता बदलायला हवी.

खरं तर या देशात सुरुवातीला कॅमेरा फिरला तो खऱ्या गोष्टींवर, आणि तो फिरवणाऱ्या पहिल्या भारतीयांत एक मराठी माणूस होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनवर कुस्तीचं चित्रीकरण केलं. रँग्लर परांजपे 1901 मध्ये विलायतेहून परत आले तेव्हा त्यांचं स्वागतही सावेदादांनी टिपलं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते रोज थोडं थोडं टिपून त्याची फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे बघा. क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता गावरान बियाण्यांची बँक उभी करतात. त्यांच्यावर अच्युतानंद द्विवेदींनी केलेली ‘सीड मदर’ ही अवघ्या तीन मिनिटांची फिल्म 2019 मध्ये कान महोत्सवाच्या वेळी नेस्प्रेसो टॅलेंट्स स्पर्धेत तिसरी येते. राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली ती त्यानंतर, 2020 मध्ये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. ते काम बघायला जगभरातून लोक आले. 1967 मध्ये लुई व्हान गॅस्टरेन हा डच दिग्दर्शक मेहेरबाबांचं चित्रीकरण करायला इथे आला होता. बाबांनी 1925 पासून मौन धरलेलं होतं. न बोलणाऱ्या माणसावर फिल्म करायला तो हॉलंडहून आला आणि आपल्या मुलांना हे ठाऊकही नाही. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीत किती कॅमेरे येऊन गेले याची तर गणतीच नाही. बाहेरची माणसं आपल्याकडे येऊन फिल्म करतात, आणि आपली मुलं मुंबईची नक्कल शिकायला पुण्यात पैसे भरतात. हे मला खटकतं, आणि दरवर्षी जास्तच खटकतं.

मग शिकायचं काय? आधी एखादा विषय. समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, मराठी साहित्य, शेती, कायदा, काहीही चालेल, पण पदवी मनापासून करा. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अंगानं या क्षेत्रात आल्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवलं होतं. झोपडपट्टीतल्या बाईचं जगणं अहवालात मावत नाही असं वाटलं तेव्हा 1985 मध्ये त्यांनी ‘बाई’ केला. सिनेमाचं रीतसर शिक्षण नसताना त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांनी आधी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलं आणि नंतर आपल्याच नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचं शिक्षण घेतलं. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला लघुपट. तो काल्पनिक असला तरी शाळेकडे ओढ घेणारा त्यातला पारधी मुलगा पुस्तकी नाही. लाल टाकीवरचं ते कॉलेज आजही तिथेच आहे. तिथपर्यंत एसटीच्या पासवर जाता येतं.

पुढचे दरवाजे पदवीनंतर उघडतात. पुण्याच्या एफटीआयआयमधले चित्रपटाचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत माध्यम आणि संस्कृती अभ्यासाचं एम.ए. आहे आणि तिथले विद्यार्थी खरोखर माहितीपट करतात. तिथे अनेक वर्षं शिकवलेले अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ (2001) बघा. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून गिरण्यांची मुंबई त्यात दिसते. दिल्लीत जामिया मिलियाचं मास कम्युनिकेशन केंद्र आहे. या सगळ्या ठिकाणी प्रवेश परीक्षा असते, आणि मुलाखतीत विचारतात की तू काय वाचलंस, काय बघितलंस, तुला काय प्रश्न पडतात.

एका कामाकडे तर कोणाचंच लक्ष नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. ते म्हणजे ध्वनी. सगळ्यांना कॅमेऱ्यामागे उभं राहायचं असतं. बूम धरायला, रेकॉर्डरवर लेव्हल बघायला, पंख्याची घरघर आणि बाहेरचा ट्रॅक्टर बाजूला ठेवून म्हाताऱ्या माणसाचा आवाज स्वच्छ घ्यायला तयार माणसं मिळत नाहीत. चित्र थोडं हललं तरी प्रेक्षक सोसतो, पण शब्द कळले नाहीत तर फिल्म मेली. श्रीगोंद्याच्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं, आणि सोबत प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागी केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांनाही पुरस्कार मिळाला. मेंढरांचा कळप, उघडं माळरान, वारा, अशा ठिकाणी आवाज पकडणं म्हणजे काय हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. ती त्याच आवाजात वाढली आहेत. अकोल्याची बोली आणि जामखेडची बोली यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याची या धंद्यात फार गरज आहे. विज्ञान शाखेतल्या, फिजिक्स आवडणाऱ्या मुलानं ध्वनीकडे जरूर बघावं.

आता पालकांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे: पोट भरेल का? फक्त स्वतःच्या माहितीपटांवर घर चालवणारी माणसं देशात थोडीच आहेत. नावाजलेले लोकही शिकवतात, दुसऱ्यांचं एडिटिंग करतात, संस्थांसाठी फिल्म करतात. पण ही कामं खरी आहेत आणि इथेच आहेत. साखर कारखाने, दूध संघ, राहुरीचं कृषी विद्यापीठ, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, दवाखाने, शाळा, सगळ्यांना आपलं काम नीट दाखवणारा माणूस हवा असतो आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला ते जमेलच असं नाही. शिवाय संशोधन, भाषांतर, सबटायटल्स, बाहेरून येणाऱ्या युनिटला गावात घेऊन जाणं ही कामं आहेत. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स यासारख्या संस्था अनुदान देतात. पंचविशीपर्यंत उत्पन्न तुटपुंजं आणि अनियमित असेल, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगा. त्यासाठीच पदवी भक्कम हवी. गरज पडली तर बी.एड. करता आलं पाहिजे, नेट देता आली पाहिजे.

पण पैशांचा प्रश्न संपला तरी घरातला विरोध संपत नाही. खरी भीती वेगळीच असते. शेजारच्याचा मुलगा हिंजवडीला लागला आणि आपला पोरगा गावातल्या लोकांच्या मुलाखती घेत फिरतोय, हे पाहुण्यांना कसं सांगायचं? मी स्पष्ट बोलतो. पाहुण्यांना सांगता येईल असं करिअर मुलाच्या गळ्यात बांधलेली घरं मी पाहिली आहेत. इंजिनिअरिंगचे विषय राहत जातात, मुलगा घरी यायचं टाळतो, मग फोन उचलायचं टाळतो. काही मुलं याच्याही पुढे जाऊन जिवाचं काही करून घेतात, हे आपण सगळे जाणतो आणि तरी तोच हट्ट धरतो. मुलगा काहीतरी सांगायचा प्रयत्न करतोय आणि बाप फक्त पॅकेज किती हे विचारतोय, असं बोलणं माझ्या समोर बसून होतं तेव्हा मी बापाला थांबवतो. मुलानं केलेली पाच मिनिटांची फिल्म आधी बघा, पूर्ण बघा, मध्ये फोन घेऊ नका. मग बोला. आवडली नाही तर तसं सांगा, का आवडली नाही तेही सांगा. एवढं केलंत तरी घरातलं निम्मं भांडण मिटतं.

मुलींच्या आयांची काळजी वेगळी असते. एकटी पोरगी कॅमेरा घेऊन कुठे कुठे फिरणार? काळजी समजते, पण त्याची दुसरी बाजूही बघा. बायकांच्या घरात, स्वयंपाकघरात, बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कॅमेरामन जाऊ शकत नाही. लावणी कलावंतांवरचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी केला. पुढे त्याच शोधातून कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आणि त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम उभा राहिला. तुमच्या मुलीला जिथे जाता येतं तिथे बाकीच्यांना जाता येत नाही. तिला अडवण्याऐवजी सुरुवातीला सोबत कोण जाईल ते ठरवा.

मुलांनाही एक ताकीद. 2014 मध्ये खर्डा आणि 2016 मध्ये कोपर्डी, आपल्याच जिल्ह्यातल्या खुनाच्या दोन घटना. दोन्ही वेळा वाहिन्यांच्या गाड्या आल्या, घराच्या दारात माईक आले, आणि काही आठवड्यांत निघून गेले. माहितीपटाचं काम त्या गाड्या गेल्यावर सुरू होतं. 1997 मध्ये मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी त्यानंतर त्या वस्त्यांचा, तिथल्या शाहिरांचा माग चौदा वर्षं सोडला नाही, आणि मग 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ आला. तीन तासांहून मोठी फिल्म, आणि वस्तीवस्तीत लोक ती बसून बघतात. तेवढी सबुरी नसेल तर कोणाच्या दुःखाजवळ कॅमेरा नेऊ नका. शोकात असलेल्या माणसाची परवानगी एकदा नाही, पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

यंदा काय करायचं ते सांगतो. कॉलेजात प्रवेश घ्या आणि त्यासोबत एक माणूस निवडा. पाथर्डी-शेवगावकडचे असाल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास उसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेऊन आई-बाप कारखान्यावर जातात आणि आजी-आजोबांजवळ राहिलेलं पोर सहा महिने शाळा आणि घर सांभाळतं. त्या पोराकडे मे महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी जा. कधी कॅमेरा काढा, कधी काढू नका. भाड्याचा महागडा कॅमेरा नको, मोबाइल पुरे, पण खिशाला लावायचा चांगला माइक विकत घ्या. फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक फाइलला तारीख, गावाचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव त्याच दिवशी द्या. चित्रपट महोत्सवांना पाठवायची घाई नको. दहा मिनिटांची फिल्म तयार झाली की आधी त्या घरात बसून दाखवा. त्यांनी एखादी जागा काढायला सांगितली तर काढा, मग पुढचं बोलू.