आईचा फोन वाजला की धडधडतं

प्रश्न : मी 34 वर्षांची. माहेर जिंतूर तालुक्यात, नोकरी पुण्यात. वडील गेल्यापासून आई दिवसभरात आठ-दहा फोन करते; बहुतेक भावजयीच्या तक्रारी. उचलला नाही की म्हणते, 'आता मी मेल्यावरच ये.' काय करू?

उत्तर : तुम्ही दमलात, म्हणजे माया आटली असं नाही. रोज रात्री जेवणं उरकल्यावरची वीस मिनिटं आईची ठरवा, तिला तसं सांगा आणि फोन तुम्हीच करा. सुरुवातीला ती रुसेल, जास्तच फोन लावेल. तेव्हा ढिल्या पडलात, तर लावून धरलं की लेक उचलते एवढंच तिला कळेल. भावजयीचा विषय निघाला की म्हणा, 'आई, ते तुम्ही दोघी बोला. तुझे गुडघे कसे आहेत?'

मरणाचं बोलणं मात्र नुसता रुसवा समजू नका. थेट विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ती हो म्हणाली, तर तिला एकटं ठेवू नका. भावाला सांगून लगेच परभणीच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते, मराठीतूनही. तुमची धडधड थांबत नसेल, तर तुम्हीही तिथे बोला.