पावसाचा अंदाज कसा वाचावा

मृग लागला कीं गांवोगांव एकच प्रश्न असतो : पेरावें कीं थांबावें? बियाणें मातीआड गेलें आणि पावसानें ओढ दिली, तर दुबार पेरणी कपाळीं येते, व दुसऱ्या बियाण्याचा पैसा बहुधा उसनाच काढावा लागतो. ह्यास्तव हवामानखात्याचा अंदाज वाचतां येणें हें प्रत्येक घराच्या हिताचें आहे.

वाचकहो, हंगामाचा अंदाज सबंध देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेविषयीं असतो, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. जून ते सप्टेंबरपर्यंतची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. तिच्या शेंकडा ९६ ते १०४ इतका पाऊस पडल्यास त्यास 'सामान्य' म्हणतात. सन २०२३ च्या एप्रिलांत खात्यानें शेंकडा ९६ सांगितला होता, पडला ९४. अंदाज फार चुकला असें कोण म्हणेल? तथापि त्याच वर्षीं देशांत जुलै महिन्यांत सरासरीहून शेंकडा १३ अधिक आणि ऑगस्टांत शेंकडा ३६ कमी पाऊस झाला. सन १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. बेरीज जवळपास जुळली, पण उभ्या पिकाला बेरजेचा काय उपयोग? म्हणून वैरण किती राखावी, कमी पाण्याचें पीक घ्यावें काय, एवढ्यापुरताच हा अंदाज विचारांत घ्यावा. पेरणीचा दिवस त्यावरून ठरवूं नये.

त्यासाठीं दर मंगळवारीं व शुक्रवारीं निघणारी कृषि-हवामान पत्रिका पाहावी. तींत पुढील पांच दिवसांचा अंदाज व पिकांविषयीं सल्ला असतो. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं ती चावडीवर मोठ्यानें वाचून दाखवावी, आणि शब्दांचा अर्थही सांगावा. 'तुरळक ठिकाणीं पाऊस' म्हणजे त्या प्रदेशांतील फार तर चौथ्या हिश्शाच्या पर्जन्यमापकांवर पाऊस. 'कांहीं ठिकाणीं' म्हणजे त्याहून अधिक, पण निम्म्यापर्यंतच. आपलें शिवार कोरडें राहिलें म्हणून खात्यास खोटें ठरविणारे बहुधा हा शब्दच वाचीत नाहींत.

राहिला आपल्या शिवारांतला पाऊस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये, असें कृषिखातें सांगतें. तो मोजण्यास सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा पुरतो. घर व झाडें ह्यांपासून दूर, उघड्यावर तो ठेवावा. रोज सकाळीं साडेआठ वाजतां आंतील पाण्याची उंची पट्टीनें मोजून लिहावी व डबा रिता करावा.